पहिल्या तारखेचा पेग

बाबांची पेन्शन एक तारखेला जमा होते. त्या संध्याकाळी सातच्या आत ते इस्त्रीचा शर्ट घालून, पाकिटात मोजके पैसे ठेवून बाहेरच्या खोलीत येऊन बसतात. "निघायचं?" एवढंच विचारतात. आई गेल्यापासून, म्हणजे २०१६ पासून, त्यांच्याबरोबर मी जाते. आमचं घर ठाण्यात, पाचपाखाडीत. घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर आमचं नेहमीचं रेस्टॉरंट अँड बार आहे. तळमजल्यावर परमिट रूम, अरुंद जिना चढून गेलं की वर एसी फॅमिली सेक्शन. नाव लिहीत नाही. तिथं वीस वर्षं जेवलेय मी, आणि आज जे लिहितेय ते राग काढण्यासाठी लिहीत नाहीये. मला फार वाईट वाटलंय, म्हणून लिहितेय.

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. आता त्या खात्याला वैध मापन शास्त्र म्हणतात, पण आमच्या घरात ते कायम वजनमापच राहिलं. रेशन दुकानातली रॉकेलची मापं, सोनारांचे काटे, दूध डेअरी, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप भरून पाहणं, हे त्यांचं काम. परमिट रूममधली पेगची मापंही त्यांच्याच कामात यायची. त्यामुळे नोकरीत असेपर्यंत त्यांनी ठाण्यातल्या एकाही बारची पायरी चढली नाही. "ज्याचं माप मी तपासणार, त्याच्याकडे बसून पिणार कसा?" असं म्हणायचे. आम्ही तिथलं पार्सलसुद्धा आणायचो नाही.

३१ मे २००४ ला ते निवृत्त झाले, आणि त्याच रात्री आम्ही चौघं पहिल्यांदा तो जिना चढलो. आई पदर सावरत चढली होती. परमिट रूमवरून जाताना तिनं मान खाली घातली होती आणि वर आल्यावर तिथल्या दोन-तीन कुटुंबांकडे बघून ती सैल झाली. तिनं टोमॅटो सूप आणि पनीर मागवलं, भावानं ट्रिपल शेजवान. बाबांनी रम मागवली, साठ मिली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दारू पिताना पाहिलं. नंतर त्यांनी रीतसर आजीवन परवानाही काढून घेतला. तो अजून त्यांच्या पाकिटात असतो, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये.

त्या रात्री टेबलावर जे वेटर आले, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. कर्नाटकातल्या कुंदापूरजवळच्या एका गावचे. त्यांनी बाटली टेबलाशी आणली. डाव्या हातात माप धरलं, ते अगदी काठापर्यंत भरलं, क्षणभर बाबांच्या डोळ्यांसमोर थांबवलं आणि मग ग्लासात रिकामं केलं. बाबांनी ते माप हातात मागून घेतलं. मला वाटलं, आता हे तपासायला लागणार. त्यांनी काठाजवळचा शिक्का अंगठ्यानं चाचपला, अण्णांकडे बघितलं आणि माप परत दिलं. घरी येताना त्यांनी मला समजावलं, की मापावर निरीक्षकाचा क्रमांक असतो, वर्षाचे आकडे असतात आणि तिमाहीचं अक्षर असतं, ए, बी, सी किंवा डी. दर दोन वर्षांनी माप पुन्हा तपासून घ्यावं लागतं. "ताजा शिक्का होता," म्हणाले. एवढे खूश मी त्यांना त्यांच्या निरोप समारंभातही पाहिले नव्हते.

मग महिन्यातून एकदा जाणं ठरून गेलं. आई असेपर्यंत ती दोघं जायची. खिडकीजवळचं दोन खुर्च्यांचं टेबल, खाली रस्ता दिसणारं. एक साठ रम, बर्फाशिवाय, पाणी नंतर वरून घालून. आईला फ्रेश लाईम सोडा, गोड-खारट. चना कोळीवाडा, एक मासा, शेवटी दोघांत एक दाल खिचडी. ठरलेलं. आई गेली त्यानंतरच्या पहिल्या एक तारखेला मी बाबांबरोबर गेले, तर अण्णांनी न विचारता माझ्यासमोर लाईम सोडा आणून ठेवला, गोड-खारट. मी तोच पिते अजून.

अण्णांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण जे गेलं ते त्यांच्याबरोबर गेलं असं मला वाटतं. ते मासा विकायचे नाहीत, मासा सांगायचे. पावसाळ्यात आम्ही सुरमई म्हटलं की हात आडवा करायचे. "ताई, नारळी पौर्णिमेपर्यंत सुरमई मागू नका. आहे ती बर्फातली आहे." आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे त्यांना मालकापेक्षा जास्त पाठ. त्या दोन महिन्यांत ते आम्हाला अंडा मसाला खायला घालायचे आणि बिल कमी झालं तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. खिचडी आणताना बाबांसाठी वेगळ्या वाटीत तूप आणायचे, त्यांच्या गुडघ्यांना बरं म्हणून. टिपेला बाबा नको म्हणायचे नाहीत, उलट बिलाच्या पुस्तिकेत न ठेवता अण्णांच्या हातात द्यायचे, आणि वर नमस्कार करायचे.

लॉकडाऊनमध्ये अण्णा गावी गेले ते परत आलेच नाहीत. ५ ऑक्टोबर २०२० ला महाराष्ट्रात हॉटेलं आणि बार अर्ध्या क्षमतेनं उघडले, पण बाबा तेव्हा ७४ वर्षांचे, मी त्यांना जाऊ दिलं नाही. लस घेऊन झाल्यावर पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा सुरू केलं. वेटर बदलले होते, बरेचसे ओडिशा-झारखंडकडचे तरुण मुलगे. तरी बाटली टेबलाशी यायची आणि माप डोळ्यांसमोर भरलं जायचं. बाबांना तेवढं पुरत होतं.

२०२५ च्या मार्चमध्ये ते नूतनीकरणासाठी बंद झालं. तीन महिने बाबा रोज फिरायला जाताना मुद्दाम त्या रस्त्यानं जायचे आणि येऊन सांगायचे: आज लादी बसली, आज नवीन बोर्ड आला. जूनच्या शेवटी उघडलं. १ जुलैला आम्ही गेलो.

जिना रुंद केला होता, ते छान. कठडाही लावला होता, बाबांना धरता आला. पण वर पोचलो तर खिडक्या नव्हत्या. खिडक्यांच्या जागी काळं पॅनेल आणि त्यावर निळे दिवे. आमचं टेबल होतं तिथं उंच स्टुलांची रांग. आम्हाला आतल्या कोपऱ्यात बसवलं आणि बाबांच्या डोक्याच्या बरोबर वर स्पीकर. बाबांना कानाचं यंत्र आहे. ज्यांच्या घरी ते आहे त्यांना ठाऊक असेल, यंत्र माणसाचा आवाज आणि गोंगाट दोन्ही मोठं करून कानात ओततं. मी वेटर मुलाला आवाज कमी करायला सांगितलं. तो गेला, आला, म्हणाला, "मॅडम, ऊपर-नीचे एक ही सिस्टीम है." बाबांनी दहा मिनिटं सोसलं, मग यंत्र काढून रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. त्यानंतर जेवण संपेपर्यंत आम्ही बोललो नाही. महिन्यातून त्या एका संध्याकाळी बाबा माझ्याशी निवांत बोलतात, आईबद्दल बोलतात. घरी नाही बोलत. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघून हसत होते आणि ते माझ्याकडे बघून मान हलवत होते.

मेन्यू मोबाइलवर. तो मी वाचून दाखवू शकत नव्हते, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सुरमईवर बोट ठेवलं. मी मुलाला विचारलं, ताजी आहे का. "आज सुबह आयी है, मॅडम." एक जुलैला. मला त्या मुलाचा राग नाही. त्याला जे सांगायला शिकवलंय ते तो सांगतो, आणि कुलाब्याची बोट कधी निघते हे त्यानं का माहीत करून घ्यावं? आतून शुष्क, कडेला पिवळट असा तो तुकडा आला. बर्फातला मासा खाल्ला तर काही बिघडत नाही, आपण सगळे खातो. "बर्फातली आहे" एवढं कुणी म्हटलं असतं तर आम्ही पूर्वीसारखा अंडा मसाला मागवला असता.

आणि रम आली ती ग्लासात भरूनच.

बाबा ग्लासाकडे बघत राहिले. मग मुलाला खुणेनं विचारलं, माप? तो म्हणाला, काउंटरवरूनच भरून येतं आता. माप आणून दाखव म्हटल्यावर तो बिचारा धावत जाऊन घेऊन आला. कॉकटेल बनवायला वापरतात ते दोन तोंडांचं चकचकीत स्टीलचं माप होतं. बाबांनी ते सवयीनं अंगठ्यानं चाचपलं. आत, बाहेर, काठाला. शिक्का कुठेच नव्हता. त्यांनी ते रुमालानं पुसून परत दिलं आणि रम प्यायले. घरी येईपर्यंत त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत.

बिलाचं सांगून टाकते. पदार्थ, सोडा आणि पाणी मिळून १२६० रुपये, रम २८०. म्हणजे १५४०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, १५४. मग या सगळ्यावर, म्हणजे सर्व्हिस चार्जवर आणि रमवरसुद्धा, ५ टक्के जीएसटी, ८४ रुपये ७० पैसे. शिवाय रमवर १० टक्के व्हॅट, २८ रुपये. एकूण १८०६ रुपये ७० पैसे. दारू जीएसटीत येतच नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. आणि सर्व्हिस चार्ज सक्तीनं लावायचा नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलंय. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, तिथंही २८ मार्च २०२५ ला निकाल ग्राहकांच्या बाजूनं लागला. मी हे कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, सांगितलं, आवाज न चढवता. तो म्हणाला, सिस्टीममध्येच येतं. काढता येणार नाही. दहा मिनिटांनी मॅनेजरनं पासवर्ड टाकून काढला. रमवरचा जीएसटी तसाच राहिला, कारण तो "ऑटोमॅटिक" आहे. पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त लावले होते, त्यावर मी काही बोलले नाही. हॉटेलात बसून पिताना ते लावू शकतात, सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच तसं म्हटलंय. जे चूक नाही त्याबद्दल मला भांडायचं नव्हतं.

मला हॉटेल चालवणाऱ्यांच्या अडचणी कळत नाहीत असं नाही. परमिट रूममधला व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ चा १० टक्के झाला. २०२५ मध्ये परवान्याची फी वाढली, जूनमध्ये उत्पादन शुल्क वाढलं. १४ जुलैला तर राज्यभर बार बंद ठेवले होते त्यांनी, निषेध म्हणून. त्या दिवशी पेपर वाचताना बाबा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. एवढा कर कुठून भरतील?" आणि मग बऱ्याच वेळानं, पेपरची घडी घालताना म्हणाले, "भाव वाढवावा. माप कमी करू नये."

तेव्हा मला कळलं, एक तारखेपासून त्यांच्या मनात काय चाललंय ते.

१ ऑगस्टला मी म्हटलं, दुसरीकडे जाऊ या. नको म्हणाले. श्रावणातला शुक्रवार होता. आमचं घर श्रावण पाळत नाही, पण बाकी ठाणं पाळतं, निम्मी टेबलं रिकामी होती. गाणी तेवढ्याच आवाजात. बाबांनी यंत्र घरीच ठेवलं होतं. मासा मागवला नाही. रम आली, ग्लासात भरून. तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून एक रबरबँड काढला, औषधांच्या पाकिटांना लावतात तो, आणि ग्लासावर चढवून रमेच्या पातळीला नीट आणून बसवला. मग सावकाश, पाणी न घालता, ती रम प्यायले. एरवी ते कोरडी पीत नाहीत. ग्लास रिकामा झाल्यावर दुसऱ्या खिशातून खोकल्याच्या औषधाचं झाकण काढलं. पाच, दहा, पंधराच्या रेषा असलेलं. मला म्हणाले, "उजेड धर." मी फोनचा टॉर्च लावला. ते झाकणात पंधराच्या रेषेपर्यंत पाणी भरायचे आणि ग्लासात ओतायचे. एक, दोन, तीन. चौथं झाकण त्यांनी अगदी थेंबाथेंबानं ओतलं. रबरबँडशी पाणी पोचलं तेव्हा झाकणात दहाच्या रेषेइतकं पाणी शिल्लक होतं.

पंचेचाळीस आणि पाच. साठाच्या जागी पन्नास.

त्यांनी ते शिल्लक पाणी पिऊन टाकलं. "हे झाकण काही प्रमाणित नाही," म्हणाले, "कुठं पुरावा म्हणून चालायचं नाही." त्यांचा हात थोडा कापत होता. माझ्या लहानपणी रात्री उशिरा घरी येऊन, पाटावर बसून ते आईला सांगायचे, आज अमक्या दुकानात किलोला पन्नास ग्रॅम कमी निघाले. तेव्हा त्यांचा आवाज जसा व्हायचा, तसा झाला होता.

मी कॅप्टनला बोलावलं. तो म्हणाला, ग्लासचा आकारच तसा आहे, कमी दिसतं. मी म्हटलं, आम्ही बघून नाही, मोजून सांगतोय. मग मालकांचा मुलगा आला. तिशीतला असेल, नम्र होता, वाकून बाबांच्या कानाशी बोलला, हे त्याच्याबद्दल चांगलंच लिहीन. म्हणाला, "काका, तुम्ही आमचे जुने कस्टमर. असं करा, एक लार्ज आमच्याकडून. कॉम्प्लिमेंटरी."

बाबा उभे राहिले. खुर्ची मागे सरकली आणि पडता पडता राहिली. ज्या माणसानं चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणाकडे फुकट चहा घेतला नाही, त्याला तो मुलगा एक पेग देऊ करत होता. त्या मुलाला हे कसं कळणार? त्याच्या दृष्टीनं त्यानं मान राखला. बाबा एवढंच म्हणाले, "मला जास्त नको. माझे साठ द्या." तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला, वयस्कर माणसाला काही झालं की घरच्यांकडे बघतात तसा. मला त्याचं ते बघणं सगळ्यात जास्त लागलं.

पैसे देऊन आम्ही खाली उतरलो. बाबा कठडा न धरता उतरले.

पुढच्या आठवड्यात मी अण्णांना फोन केला. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, दिवाळीला बोलतो आम्ही. मागे पाऊस पडत होता, तिकडचा, धो धो. नातीला शाळेतून आणायला निघाले होते. त्यांनी पहिलं विचारलं, "साहेब एक तारखेला जातात ना अजून?" मी हो म्हटलं. "समोर मोजून देतात ना त्यांना? मी पोरांना शिकवून आलो होतो." मी म्हटलं, "देतात." दुसरं काही बोलता आलं नाही मला. बाबा समोरच बसले होते, यंत्र लावून. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "बरं केलंस."

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, बिलाची तक्रार केली. तक्रारीचा नंबर मिळाला आहे, पुढचं बघू. मापाची तक्रार वजनमाप खात्याकडे, ती बाबा स्वतः लिहितायत. टाइप करून देते म्हटलं तर नको म्हणाले. फुलस्केप कागद, निळं पेन, डावीकडे समास. तीन दिवस लिहीत होते. पहिल्या मसुद्यात त्या वेटरचं वर्णन आलं होतं, ते त्यांनी पूर्ण काढून टाकलं. "त्याची नोकरी जाईल, माप तेच राहील," म्हणाले. स्पीकरचं, माशाचं, बंद केलेल्या खिडक्यांचं त्यात काही नाही, ते त्या खात्याचं काम नाही. फक्त तारीख, वेळ, मापावर शिक्का नसल्याचं, आणि साठ मिलीच्या मागणीस अंदाजे पन्नास मिली मिळाल्याचं. "अंदाजे" हा शब्द त्यांनी अधोरेखित केलाय.

काल रात्री अर्ज पूर्ण करून त्यांनी माझ्याकडे वाचायला दिला. सही नेहमीची, वळणदार. सहीखाली त्यांनी आधी लिहिलं होतं, "सेवानिवृत्त निरीक्षक". त्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी लिहिलंय, "ग्राहक".